शंख-चक्र मोजून रक्तगट कळत नाही

सध्या एक मेसेज ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर जोरात फिरतो आहे. मला तो घोडबंदर रोडवरच्या नातेवाइकांनी पाठवला, नौपाड्यातल्या पालकांच्या ग्रुपवरून आला आणि ऐरोलीत राहणाऱ्या मैत्रिणीनेही "हे खरं आहे का गं?" म्हणून पुढे ढकलला. मजकूर थोडक्यात असा: रक्तगट तपासायला आता सुई टोचायची गरज नाही, कारण बोटांच्या ठशांचा रक्तगटाशी थेट संबंध असल्याचं संशोधनाने सिद्ध झालंय. शंख जास्त असतील तर ओ किंवा ए, चक्रं जास्त असतील तर बी, कमानी असतील तर एबी. निगेटिव्ह गटाच्या माणसाच्या अंगठ्यावर चक्र असतंच. पुरुषांना चक्र आणि बायकांना शंख असतात, म्हणून नुसता ठसा बघून बाई की पुरुष हे पोलिसांना कळतं. अंगठ्याचा फोटो काढला की रक्तगट सांगणारं अ‍ॅपही निघालंय. आणि शेवटी, आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीपासून ठाऊक होतं.

मी ठाण्यातल्या एका रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. रक्तगट तपासणं हे माझं रोजचं काम. मेसेजमधली काही विधानं साफ खोटी आहेत आणि काहींत थोडं तथ्य आहे. ते तथ्यही सांगते, कारण त्याच्याच आधारावर बाकीचं खपून जातं.

शंख असेल तर हा गट, चक्र असेल तर तो

आधी स्वतःचं बोट उजेडात धरून बघा. रेषा एका बाजूने येतात, वळसा घेतात आणि त्याच बाजूने परत जातात, तो शंख. गोल फिरत मध्याकडे मिटत जातात, ते चक्र. एका बाजूने येऊन मध्ये जराशा उचलल्या जातात आणि दुसऱ्या बाजूने निघून जातात, ती कमान. नीट निरखलं तर तीन दिशांच्या रेषा जिथे एकत्र येतात तिथे बारीक त्रिकोण दिसतो. शंखाला असा एक त्रिकोण, चक्राला दोन, साध्या कमानीला एकही नाही. मोठ्या लोकसंख्येचे ठसे घेतले की साधारण ६० ते ६५ टक्के शंख, ३० ते ३५ टक्के चक्रं आणि ५ टक्क्यांच्या आसपास कमानी निघतात.

आता दहाही बोटं बघा. दहांवर एकच नमुना असलेली माणसं असतात, पण बहुतेकांच्या हातावर सरमिसळ असते. करंगळीवर बहुधा शंखच सापडतो. अंगठा आणि अनामिकेवर चक्रांचं प्रमाण जास्त असतं. तर्जनीवर सगळ्यात जास्त विविधता दिसते. मग रक्तगट कुठल्या बोटाला विचारायचा? करंगळीला विचारला तर अर्ध्याहून जास्त ठाणे ओ किंवा ए निघेल, अनामिकेला विचारला तर त्यातलेच कितीतरी जण बी होतील. माणसाचा रक्तगट मात्र एकच असतो आणि तो कुठल्याही बोटातून रक्त काढलं तरी तोच येतो.

"जास्त" या शब्दानेही सुटका होत नाही. शंख मुळातच सगळ्यांत जास्त असतात, त्यामुळे या नियमाने चाललं तर बहुसंख्य लोक ओ किंवा ए ठरतील. भारतात बी गट भरपूर आहे. ओ आणि बी हे आपल्याकडचे दोन सगळ्यात मोठे गट. आमच्या फ्रीजमध्ये ए आणि बीच्या पिशव्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि कित्येकदा बीच्याच जास्त असतात. मेसेजमधला नियम खरा असता तर हे होऊच शकलं नसतं.

याहून सरळ पुरावेही आहेत. जन्मतःच बोटांवर रेषा नसलेली माणसं जगात आहेत. फार थोडी घराणी आहेत ही. स्वित्झर्लंडमधल्या अशाच एका घराण्याच्या अभ्यासातून २०११ साली त्यामागचा जनुकीय बदल सापडला. या लोकांची बोटं गुळगुळीत असतात आणि विमानतळावर ठसा द्यायची वेळ आली की त्यांची पंचाईत होते. पण रक्तगट त्यांनाही असतो.

उलट बाजूने बघा. रक्ताच्या कर्करोगात किंवा थॅलेसेमियात अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण करतात. दात्याचा आणि रुग्णाचा रक्तगट वेगळा असला तरी ते करता येतं. काही महिन्यांत रुग्णाच्या लाल पेशी दात्याच्या मज्जेतून तयार होऊ लागतात आणि रुग्णाचा रक्तगट बदलून दात्याचा होतो. ए पॉझिटिव्ह माणूस ओ पॉझिटिव्ह होतो. बोटांवरचे शंख आणि चक्रं होती तिथेच, होती तशीच राहतात. आणि एकाच बीजापासून झालेल्या जुळ्या भावंडांचा रक्तगट सारखा असतो, पण ठसे इतके वेगळे की यंत्र त्यांना सहज वेगळं ओळखतं.

दोन्ही आनुवंशिक, म्हणजे दोन्हींचा संबंध असणारच

हा मुद्दा मेसेजमध्ये नाही, पण त्याखाली लोक हेच लिहितात. वरवर पटतोही. म्हणून जरा खोलात जाते.

रक्तगट ठरवतं एक जनुक, नवव्या गुणसूत्रावरचं. त्याचं काम फार नेमकं आहे. लाल पेशींवर साखरेच्या कणांची साखळी असते, तिच्या टोकाला हे जनुक आणखी एक साखर चिकटवायला लावतं. एका प्रकारची साखर लागली की ए, दुसऱ्या प्रकारची लागली की बी, दोन्ही लागल्या की एबी, काहीच लागलं नाही की ओ. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारं आरएच जनुक वेगळं आहे, ते पहिल्या गुणसूत्रावर असतं. हा सगळा निकाल गर्भधारणेच्या क्षणीच लागलेला असतो.

ठशांची गोष्ट वेगळी. गर्भ साधारण सहा-सात आठवड्यांचा असताना बोटांच्या टोकांवर छोट्या गाद्या फुगतात, पुढे त्या सपाट होत जातात. दहाव्या-अकराव्या आठवड्याच्या सुमारास त्यांवर रेषा उमटायला लागतात आणि सतराव्या आठवड्यापर्यंत नमुना पक्का होतो. गादी उंच आणि भरीव असताना रेषा आल्या तर चक्र बनण्याकडे कल असतो, गादी बसलेली असेल तर कमानीकडे. एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली दाखवलं की रेषा तीन ठिकाणांहून सुरू होतात: गादीच्या मध्यापासून, नखाखालून आणि सांध्याच्या घडीपासून. तलावपाळीच्या पाण्यात तीन जागी खडे टाकले तर लाटा जशा पसरत जाऊन एकमेकींना भेटतात, तशा या रेषा पसरत जातात. कुठली लाट आधी सुटली, गादी तेव्हा केवढी होती, यावर शंख होणार की चक्र हे ठरतं. बारीक तपशिलात योगायोगाचा वाटा मोठा, म्हणून जुळ्यांचेही ठसे जुळत नाहीत.

यात आनुवंशिकता आहेच. २०२२ साली २३ हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवर झालेल्या एका अभ्यासात ठशांच्या नमुन्याशी जोडलेल्या ४३ जागा आपल्या जनुकीय आराखड्यात सापडल्या. त्यांत ठळकपणे पुढे आली ती गर्भात हातपाय घडवणारी जनुकं. त्याच अभ्यासात ठशांचा नमुना आणि बोटांची लांबी यांचाही संबंध दिसला, आणि तो कळण्यासारखा आहे, कारण दोन्ही एकाच हाताच्या घडणीतले भाग आहेत. लाल पेशीच्या टोकाला कुठली साखर लागणार हा त्या घडणीतला भाग नाही. आईकडून नाक आलं आणि वडिलांकडून उंची, म्हणून नाक बघून उंची सांगता येत नाही. दोन गोष्टी आनुवंशिक असणं आणि त्या एकमेकींशी बांधलेल्या असणं यांत फरक आहे.

संशोधनाने सिद्ध

हा मेसेजचा कणा आहे आणि इथे थोडं तथ्य आहे. ठसे आणि रक्तगट या विषयावर भारतात खरोखरच ढिगाने शोधनिबंध छापले गेले आहेत. बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांतून आलेले, विद्यार्थ्यांचेच ठसे आणि रक्तगट घेऊन केलेले. कुणी शंभर, कुणी दोनशे, कुणी पाचशे जणांवर केलेले. शाईच्या पॅडवर बोट, कागदावर ठसा, रक्तगटाची नोंद आणि शेवटी टक्केवारीचं कोष्टक.

ही कोष्टकं एकमेकांशेजारी ठेवली की काय दिसतं? एका बाबतीत एकमत असतं: सगळ्याच रक्तगटांत शंख पहिले, चक्रं दुसरी, कमानी शेवटी. म्हणजे रक्तगट कुठलाही असो, क्रम तोच. त्यापुढे एकमत संपतं. एका ठिकाणी चक्रं ओ गटात जास्त भरतात, दुसऱ्या ठिकाणी बीमध्ये, तिसऱ्या ठिकाणी एबीमध्ये, आणि काही जण संबंधच नाही असा निष्कर्ष काढतात. खरा संबंध असता तर तो ठाण्यात एक आणि बंगळुरूत दुसरा निघाला नसता.

असं का होतं हेही समजून घेण्यासारखं आहे. समजा दोनशे विद्यार्थी घेतले. आपल्याकडे एबी गट शंभरात सात-आठ, म्हणजे पंधराएक मुलं. निगेटिव्ह शंभरात पाच-सहा, म्हणजे दहा-बारा मुलं. एबी निगेटिव्ह? एखादं मूल, नाहीतर तेही नाही. त्या एका मुलीच्या सात बोटांवर चक्रं असली की कोष्टकात छापलं जातं, एबी निगेटिव्हमध्ये चक्रं ७० टक्के. वाचणाऱ्याला वाटतं मोठा शोध लागला. प्रत्यक्षात ती एका मुलीची बोटं असतात.

दुसरी गफलत मोजणीची. दोनशे मुलांच्या दोन हजार बोटांना दोन हजार वेगळे नमुने धरून गणित मांडलं जातं. एकाच माणसाची बोटं एकमेकांसारखी असण्याकडे कल असतो. एका बोटावर चक्र असेल तर दुसऱ्यावर असण्याची शक्यता वाढते. दहा बोटं म्हणजे दहा माणसं नव्हेत. अशा गणितात किरकोळ फरकही "लक्षणीय" म्हणून बाहेर पडतो.

आणि तिसरी गोष्ट. आठ रक्तगट, तीन नमुने, दहा बोटं. प्रत्येक जोडी तपासायची ठरवली तर २४० तुलना होतात. शंभरात पाच वेळा निव्वळ योगायोगाने चकवणारी कसोटी लावली, आणि अशा निबंधांत सहसा तीच लावतात, तर कुठलाही संबंध नसताना २४० पैकी सुमारे १२ तुलना "सिद्ध" होऊन समोर येतील. त्या बारांतल्या दोन छापल्या की मेसेजला मालमसाला मिळतो. हे निबंध लिहिणारी मुलं लबाडी करतात असं मी म्हणत नाही. पहिला निबंध लिहायला हा विषय स्वस्त आणि सोपा पडतो, कोष्टक सुबक येतं. पण शंभर जणांच्या गटात दिसलेला दोन टक्क्यांचा कल ही एका माणसाची तपासणी होऊ शकत नाही, आणि त्या निबंधांतले शहाणे लेखक शेवटी तसं लिहितातही. मेसेज करणारा शेवटपर्यंत वाचत नाही.

निगेटिव्ह असेल तर अंगठ्यावर चक्र

अंगठ्यावर चक्र असणं फार सामान्य आहे. निगेटिव्ह रक्तगट आपल्याकडे शंभरात पाच-सहांचा. अंगठ्यावर चक्र असलेल्या सगळ्यांना निगेटिव्ह धरलं तर त्यातले बहुतेक जण चुकीचे निघणार. यावर याहून जास्त बोलण्यासारखं काही नाही.

ठशावरून बाई की पुरुष हे कळतं

या दाव्याला सरसकट खोटं म्हणता येत नाही. सरासरीत फरक आहे. पुरुषांत चक्रं किंचित जास्त आणि बायकांत कमानी किंचित जास्त, असं पुष्कळ ठिकाणी दिसलं आहे. बायकांच्या रेषा बारीक आणि दाट असतात, हा फरक तर चांगला पक्का आहे. प्रश्न एवढाच की समोर आलेल्या एका ठशाबद्दल त्यावरून काय सांगता येतं.

इंग्लंडमध्ये सारा होल्ट यांनी १९५०च्या दशकात दहाही बोटांवरच्या रेषांची मोजणी केली. पुरुषांची सरासरी आली १४५, बायकांची १२७. फरक दिसायला मोठा आहे. पण प्रत्येक गटात माणसामाणसांतला फरक याच्या कितीतरी पट होता. प्रमाण विचलन, म्हणजे माणसं सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेली आहेत याचं माप, दोन्हीकडे ५० च्या वर. या आकड्यांवरून हिशेब मांडला तर रस्त्यावरून कुठलाही एक पुरुष आणि कुठलीही एक बाई घेतली, तर शंभरात साधारण साठ वेळा पुरुषाच्या रेषा जास्त भरतील आणि चाळीस वेळा बाईच्या. नुसतं नाणं उडवलं तरी पन्नास वेळा बरोबर येतं.

रेषांची दाटी याहून बरी खूण आहे. अमेरिकेत मार्क एक्री यांनी १९९९ साली ५ बाय ५ मिलिमीटरच्या चौकोनात रेषा मोजल्या. १२ किंवा जास्त असतील तर ठसा बाईचा असण्याची शक्यता अधिक, ११ किंवा कमी असतील तर पुरुषाचा, असा निष्कर्ष आला. २००७ साली दक्षिण भारतातल्या लोकांवर तसाच अभ्यास झाला तेव्हा ही सीमारेषा सरकून १३ आणि १४ च्या मध्ये गेली. म्हणजे चौकोनात १२ किंवा १३ रेषा असलेला ठसा अमेरिकेच्या नियमाने बाईचा आणि दक्षिण भारताच्या नियमाने पुरुषाचा. त्यातही रेषांची संख्या जन्मापासून तीच राहते आणि हात वाढला की त्या फाकतात. त्यामुळे लहान मुलांची दाटी मोठ्यांपेक्षा जास्त असते आणि दहा वर्षांच्या मुलाचा ठसा या मापाने सहज बाईचा ठरू शकतो.

मग पोलिसांना कसं कळतं? त्यांच्याकडच्या नोंदींतून. जागेवर सापडलेला ठसा आधी घेतलेल्या ठशांशी ताडून बघतात. रेषा कुठे फुटते, कुठे संपते अशा बारीक खुणा एकेक करून जुळवतात. जुळला की नोंदीतून नाव मिळतं आणि नावाबरोबर बाकीचं सगळं. शंख, चक्र, कमान ही विभागणी या कामात आली ती कार्ड लावण्यासाठी. १८९७ साली कोलकात्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं, तेव्हा अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली जी पद्धत बसवली, तिच्यात कुठल्या बोटांवर चक्र आहे यावरून कार्डांचे १०२४ कप्पे केले होते. हजारो कार्डांतून हवं ते पटकन निघावं एवढाच त्या कप्प्यांचा उपयोग. कप्प्यावरून माणसाचा स्वभाव, रक्त किंवा लिंग सांगायचा दावा त्या दोघांनी केला नव्हता.

आणखी एक बातमी या मेसेजला चिकटते. ठशातून लिंग ओळखल्याचा प्रयोग न्यूयॉर्क राज्यातल्या आल्बनी विद्यापीठात खरोखर झाला आहे, २०१५ साली. त्यात रेषांचा आकार बघितलाच नव्हता. बोटाच्या घामातली अमिनो आम्लं मोजली होती, कारण बायकांच्या घामात त्यांचं प्रमाण जास्त असतं. रक्तगटाचंही तसंच. साधारण ८० टक्के लोकांच्या लाळेत आणि शरीरातल्या इतर स्रावांत ए, बीचे अंश उतरतात. डीएनए तपासणी येण्याआधी न्यायवैद्यक प्रयोगशाळा सिगारेटच्या थोटकावरूनही रक्तगटाचा अंदाज घ्यायच्या. घामाच्या ठशावरही तसे प्रयत्न झाले आहेत. ते सगळं रसायनशास्त्र आहे. कागदावर शाईने उठवलेल्या ठशात किंवा मोबाइलच्या फोटोत घाम नसतो, त्यामुळे तिथे हे काहीच लागू होत नाही.

अ‍ॅप बरोबर सांगतं, मी स्वतः करून पाहिलं

माजिवड्याजवळच्या एका सोसायटीत रक्तदान शिबिर होतं. पंचविशीतला एक मुलगा फॉर्मवर बी पॉझिटिव्ह लिहून आला. मी त्याच्या बोटातून रक्त घेतलं, पांढऱ्या टाइलवर तीन थेंब टाकले. एकाशेजारी निळं द्रावण, ते ए ओळखतं. दुसऱ्याशेजारी पिवळं, ते बी ओळखतं. तिसरं बिनरंगी, आरएचसाठी. काडीने मिसळून टाइल हळूहळू हलवली. निळ्यात रक्त सपाट, एकसंध राहिलं. पिवळ्यातही तसंच. तिसऱ्या थेंबात काही सेकंदांत लाल दाणे दाणे जमले, दही फाटावं तसे.

"सिस्टर, अ‍ॅपमध्ये तर बी आलं होतं. परत एकदा बघता का?"

"बघू या ना, दादा."

दुसऱ्या बोटातून घेतलं, तेच आलं. ओ पॉझिटिव्ह. रक्तपेढीत आल्यावर त्याच्या नमुन्याची उलट तपासणीही झाली. तिच्यात त्याच्या रक्तातलं पाणी ए आणि बीच्या माहीत असलेल्या पेशींवर टाकतात, आणि ते दोन्हींना भिडलं. ओ गटाच्या रक्तात ए आणि बी दोन्हींविरुद्धचे घटक असतात, म्हणून ते तसंच व्हायला हवं. रक्तगट असा दोन बाजूंनी जुळला की मगच आम्ही पिशवीवर चिकटवतो.

अ‍ॅप "बरोबर" का वाटतं, याचं उत्तर आकड्यांत आहे. ओ एकटा एक तृतीयांशाच्या आसपास, बी जवळपास तेवढाच, आणि आरएच पॉझिटिव्ह शंभरात ९४-९५. एखाद्या अ‍ॅपने अंगठा न बघताच सगळ्यांना ओ पॉझिटिव्ह सांगितलं तरी दर तिघांतला एक जण ग्रुपवर लिहील, "माझं अगदी बरोबर आलं!" ज्यांचं चुकतं ते गप्प बसतात किंवा फोटो नीट आला नसेल म्हणतात.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला हा प्रोजेक्ट सध्या बराच चालतो. त्यात ९० टक्क्यांच्या वर अचूकता दाखवणारे तक्ते असतात. त्या मुलांना माझं मनापासून सांगणं आहे की पहिल्यांदा तीन गोष्टी तपासा. तुमच्याकडचे हजारो फोटो नेमक्या किती माणसांचे आहेत? एकाच माणसाची काही बोटं संगणकाला शिकवायला आणि उरलेली परीक्षेला, असं तर झालं नाही ना? तसं झालं असेल तर संगणक माणूस ओळखायला शिकला आहे, रक्तगट नाही. आणि माणूस ओळखण्यात ठसे वाकबगार आहेतच. एका गटाचे फोटो एका यंत्रावर आणि दुसऱ्याचे दुसऱ्या यंत्रावर घेतले असतील तर तो यंत्राचा डाग वाचतो. आणि ज्या रक्तगटांवर शिकवलं ते प्रयोगशाळेत तपासलेले होते की मुलांनी तोंडी सांगितलेले?

घरच्या घरी करण्यासारखी एक परीक्षाही आहे. अ‍ॅपला आपल्या दहाही बोटांचे वेगवेगळे फोटो द्या. रक्तगट एक, म्हणून उत्तर दहाही वेळा एकच यायला हवं. करून बघा.

आपल्या या परिसरात आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. १९५२ साली डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक नवा रक्तगट शोधला, तोच पुढे जगभर बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून ओळखला गेला. भारतात साधारण दहा हजारांत एकाला तो असतो. नुसत्या टाइलवर हा माणूस ओ दिसतो. पण साध्या ओ गटाचं रक्त त्याला दिलं तर जिवावर बेतू शकतं, त्याला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. उलट तपासणीत ओच्या पेशीही लावल्या किंवा रक्त देण्याआधी दात्याशी जुळवणी केली की तो पकडला जातो. प्रत्यक्ष रक्त हातात असूनही जिथे चकायला होतं, तिथे अंगठ्याचा फोटो काय सांगणार?

पूर्वजांना ठाऊक होतं

बाळाच्या बोटांवरचे शंख-चक्र मोजायची आपल्या घरांत जुनी आवड आहे. दहा चक्रं असली की राजयोग, असं माझी आजीही म्हणायची. ती आवड तिच्या जागी राहू द्या. रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्नात लावला, निबंध १९०१ सालचा. त्याआधीच्या कुठल्याही सामुद्रिकात ए, बी, ओ असणं शक्य नाही. स्वभाव आणि बुद्धीबद्दल म्हणाल तर ठशांच्या अभ्यासातलं मोठं नाव असलेले फ्रान्सिस गाल्टन यांनी १८९२ पर्यंत हेच शोधून पाहिलं होतं. शास्त्राचे विद्यार्थी, कलेचे विद्यार्थी, शेतमजूर, सगळ्यांचे ठसे ताडले. संबंध सापडेल अशी त्यांची अपेक्षा होती, आणि सापडला नाही असं त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं. ठाण्यात आज मुलांच्या बोटांचे ठसे घेऊन कुठली शाखा घ्यावी हे सांगणारे अहवाल विकले जातात. पालकांनी पैसे मोजण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं.

असू दे, पुढे ढकललं तर बिघडलं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकू येतो. कुठलीही रक्तपेढी अ‍ॅपच्या भरवशावर रक्त देणार नाही, हे खरं. आम्ही प्रत्येक वेळी रुग्णाचा नमुना नव्याने तपासतो. बिघडतं ते त्याच्या आधी.

सोसायटीच्या रक्तदात्यांच्या यादीत, शाळेच्या ओळखपत्रावर, लायसन्सच्या अर्जात रक्तगट आपण स्वतः भरतो. तिथे अ‍ॅपचं उत्तर भरलं गेलं की यादी कुचकामी होते. रात्री अकराला बी निगेटिव्हसाठी फोनाफोनी सुरू होते, यादीतला माणूस डोंबिवलीहून गाडी काढून येतो आणि टाइलवर ओ पॉझिटिव्ह निघतो. गेलेला दीड तास रुग्णाच्या वाट्याचा असतो.

याहून मोठी काळजी गरोदर बाईची आहे. आई निगेटिव्ह आणि पोटातलं बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणात बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात येतात आणि तिचं शरीर त्यांच्याविरुद्ध घटक तयार करतं. पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही. पुढच्या खेपेला तेच घटक वारेतून पलीकडे जाऊन बाळाच्या लाल पेशी फोडतात. बाळाला तीव्र रक्तक्षय आणि कावीळ होते, पोटातच मृत्यूही होऊ शकतो. हे टाळायला अँटी-डी नावाचं इंजेक्शन आहे. गरोदरपणाच्या २८व्या आठवड्याच्या सुमारास ते देतात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. गर्भपात झाला तरीही बहुतेक वेळा ते लागतं, आणि चुकतं ते इथेच. सुरुवातीच्या आठवड्यांत घरीच गर्भपात झाला, रक्तगट "पॉझिटिव्हच आहे, फोनवर पाहिलंय" म्हणून कुणी विचारलं नाही, आणि ७२ तास निघून गेले. एकदा आईच्या शरीरात ते घटक तयार झाले की इंजेक्शनाचा उपयोग राहत नाही.

घरात कुणाला दिवस गेले असतील आणि रक्तगटाचा प्रयोगशाळेचा कागद हाताशी नसेल तर त्याच आठवड्यात तपासून घ्या. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात गरोदरपणाची नोंदणी करताना ही तपासणी मोफत होते. तिचा गट निगेटिव्ह निघाला तर नवऱ्याचाही रक्तगट तिथेच तपासायला सांगा, कागद फाइलमध्ये लावा आणि बाळंतपणाला जाल तिथे दाखल होताना तो पहिला पुढे करा.